बसण्याच्या जागी गाठ आणि जांघेत चट्टे आले आहेत. कोकणातला सायकलप्रवास पुढे चालू ठेवावा का?

तुम्ही लिहिले आहे की रेवसहून रेडीकडे सागरी मार्गाने निघाल्यावर गुहागरला पोहोचेपर्यंत बसण्याच्या जागी एक दुखरी गाठ आली, दोन्ही जांघांत खाजरे लाल चट्टे उठले, आणि वाटेतल्या एका मेडिकलमधून घेतलेल्या मलमाने दोन दिवस बरे वाटून नंतर ते चट्टे अधिकच पसरले. मी डॉक्टर नाही. रत्नागिरी जिल्ह्यात माझे औषधांचे दुकान आहे आणि याच रस्त्यांवर मी सायकलही चालवतो, त्यामुळे हा त्रास मला औषध देणारा आणि औषध लावणारा अशा दोन्ही नात्यांनी परिचित आहे.

सर्वांत आधी त्या मलमाविषयी. ट्यूब हातात घेऊन तिच्यावरील बारीक अक्षरांतली घटकद्रव्ये वाचा. त्यांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल आणि जोडीला एखादे जीवाणूनाशक व एखादे बुरशीनाशक असेल, तर ते स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम आहे आणि ते जांघेला लावणे आजच थांबवावे. स्टेरॉइड त्वचेचा दाह दाबते, म्हणून खाज आणि लाली एका रात्रीत उतरते. परंतु बुरशीला अडवणारी शरीराची प्रतिक्रियाही त्याबरोबर दाबली जात असल्यामुळे चट्ट्याची कड पुसट होते आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते. काही दिवसांनी खाज परत येते, माणूस पुन्हा तेच मलम लावतो, आणि असे महिनोन्महिने चालल्यावर तो त्वचारोगतज्ज्ञाकडे पोहोचतो तेव्हा जांघेची कातडी पातळ झालेली असते व तिच्यावर कधीही न जाणाऱ्या रेघा उमटलेल्या असतात. अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तरीही ती किती सहज मिळतात हे आमच्या व्यवसायातल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक संकोचून खालच्या आवाजात 'खाजेचे काहीतरी द्या' म्हणते, जागा कोणती ते सांगत नाही, आणि दुकानदारही विचारत नाही.

मलम बंद केल्यावर एक-दोन दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल; तेवढ्याने घाबरून ते पुन्हा सुरू करू नये. बराच काळ वापरले असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवावे.

आता मूळ तक्रारीकडे येतो. सायकलमुळे होणारे त्वचेचे त्रास प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे साधे काचणे, ज्यात घर्षणाने वरची कातडी सोलवटते आणि घाम लागला की आग होते. दुसरा केसतोड, म्हणजे केसाच्या मुळाशी जीवाणू शिरून होणारी पुळी किंवा खोल दुखरी गाठ. तिसरा नायटा, म्हणजेच बुरशी. या तिघांचे उपचार वेगवेगळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, किंबहुना बहुतेक वेळा अपायच करते, म्हणून आपल्याला काय झाले आहे हे उजेडात आरसा धरून पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नये. तुमच्या वर्णनावरून गाठ हा केसतोड आणि चट्टे हा नायटा वाटतो. म्हणजे तुम्हाला दोन स्वतंत्र आजार एकाच वेळी झालेले असावेत, आणि एकाच ट्यूबने दोन्ही बरे करण्याचा प्रयत्न झालेला दिसतो.

काचण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी, त्यावर झिंक ऑक्साइडचे मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी आणि शक्य असल्यास एक-दोन दिवस सीटवर बसू नये. सोलवटलेल्या कातडीवर स्पिरिट किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक ओतणे हा निव्वळ छळ आहे. तुम्ही जिथे उतराल तिथली एखादी आजी भेगा पडलेल्या टाचांसाठी ठेवलेले कोकमतेल काढून देईल. अखंड पण रखरखीत झालेल्या कातडीवर ते चोळायला हरकत नाही, मात्र पुळ्या किंवा नायटा असलेल्या जागी ते किंवा खोबरेल लावू नये, कारण तेलाच्या थराखाली घाम कोंडतो आणि केसांची मुळे बुजतात.

केसतोडाचे कारण बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू असतो. तो पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर एरवीही असतो, परंतु तासन्‌तास दाब, घाम आणि घर्षण चालू राहिले की त्याला केसाच्या मुळाशी वाट मिळते. सायकलच्या शर्यतींत उतरणाऱ्यांनाही हा त्रास चुकलेला नाही: आयर्लंडचा सायकलपटू शॉन केली १९८७ च्या स्पेनच्या फेरीत, म्हणजे तिथल्या अनेक दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीत, आघाडीवर असताना, शर्यत संपायला मोजके दिवस उरलेले असताना, बसण्याच्या जागच्या अशाच दुखण्यामुळे शर्यत सोडून सायकलवरून उतरला. उपाय साधा असला तरी चिकाटीचा आहे. स्वच्छ फडके सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, गाठीवर दहा-पंधरा मिनिटे धरावे आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. त्याने रक्तपुरवठा वाढतो आणि लहान गाठ एक तर जिरते किंवा स्वतःहून फुटून वाहून जाते. ती नखांनी पिळू नये, सुईने टोचू नये, कारण पू बाहेर येण्याऐवजी आत खोल ढकलला जातो. पू धरून गाठ मऊ झाली असेल, तर डॉक्टर छोटा छेद देऊन ती मोकळी करतात, आणि ते काम त्यांच्यावरच सोपवावे. प्रतिजैविकाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत; अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी त्रास दबतो आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेल याची खात्री राहत नाही. जांघेतले केस वस्तऱ्याने काढण्याची सवय असेल तर ती सोडून द्यावी, हवे तर कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करावेत. केसतोड वारंवार होत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. सायकल चालवणाऱ्या धडधाकट माणसालाही मधुमेह असू शकतो आणि कित्येकदा तो अशा गळवांवरूनच प्रथम उघडकीस येतो.

नायट्याची ओळख त्याच्या कडेवरून होते. चट्टा बाहेरच्या बाजूने वाढत जातो, कड किंचित उंच, लाल आणि खवल्यांची असते, मध्यभाग तुलनेने निवळलेला दिसतो, आणि वृषणाची कातडी बहुधा मोकळी असते. वृषणही लाल व ओलसर झाले असतील आणि मोठ्या चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या असतील, तर कॅन्डिडा नावाच्या दुसऱ्या बुरशीची शक्यता अधिक. तुमच्या मलमात स्टेरॉइड असेल, तर या खुणा पुसल्या गेलेल्या असू शकतात, आणि म्हणूनच तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहणे आवश्यक वाटते. कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी आहे की नाही हे थोड्या वेळात कळते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा पूर्वीसारखा सहज बरा होत नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे २०२० साली नाव दिलेली बुरशी सर्वत्र पसरली आहे, आणि तिच्यातील पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन हे एके काळचे हमखास औषध चालत नाही. त्यामुळे 'माझ्या भावाला या गोळ्यांनी गुण आला' म्हणून त्याच गोळ्या घेण्यात अर्थ नाही, आणि इट्राकोनॅझोलसारखे पोटात घ्यायचे औषध तर हृदयाचा त्रास असणाऱ्याला किंवा इतर काही औषधे चालू असणाऱ्याला धोक्याचे ठरू शकते. डॉक्टर भेटेपर्यंत स्टेरॉइड नसलेले, केवळ एकच बुरशीनाशक असलेले क्लोट्रिमॅझोलसारखे मलम लावता येईल. ते चट्ट्याच्या कडेबाहेरही दोन बोटे रुंदीपर्यंत पातळ पसरावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यानंतरही निदान दोन आठवडे लावत राहावे. बहुतेक गिऱ्हाइके खाज थांबली की ट्यूब फडताळात टाकतात आणि महिन्याभराने पुन्हा दुकानात येतात.

पायाच्या बोटांच्या बेचक्याही पाहून घ्या. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणाऱ्यांना चिखल्या होतात, तशाच त्या ओल्या बुटांत दिवसभर पाय ठेवणाऱ्या सायकलस्वारालाही होतात, आणि चड्डी चढवताना पायाची बुरशी कापडाबरोबर थेट जांघेत पोहोचते. म्हणून आधी मोजे घालावेत आणि मग चड्डी. टॉवेल कोणाशीही वाटून घेऊ नये. घरगुती मुक्कामात मिळालेला टॉवेल सर्वांनी वापरण्याची पद्धत प्रेमाची असली तरी तुमचा स्वतःचा वेगळा ठेवावा.

या साऱ्याच्या मुळाशी अंतर किंवा सीट यांपेक्षा कोकणातली ओल अधिक आहे, असे माझे मत आहे. देशावर तेवढीच सायकल चालवणाऱ्याचा घाम वाऱ्यावर सुकतो. इथे किनाऱ्यालगत हवाच दमट असल्यामुळे तो अंगावर राहतो. शिवाय आपला रस्ता प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीवर उतरतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढतो. चढणीवर वेग कमी, वारा नाही आणि सगळा भार बसण्याच्या जागेवर, त्यामुळे सर्वाधिक घाम आणि सर्वाधिक दाब नेमके एकाच वेळी येतात. त्यात धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत लोक त्याच भिजलेल्या पॅडच्या शॉर्ट्समध्ये बसून राहतात. तसे करू नये. उभे राहावे, किंवा सैल सुती कपड्यात बदलून घ्यावे.

समुद्रात पोहण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि तो टाळा असे मी म्हणणार नाही, परंतु सायकलच्या शॉर्ट्स घालून पाण्यात शिरू नका. पॅडमध्ये अडकलेली वाळू नुसत्या झटकण्याने जात नाही, आणि खारे पाणी वरवर सुकले तरी उरलेले मीठ हवेतील ओल शोषत राहते, त्यामुळे रात्रभर दांडीवर टाकलेले कपडे सकाळी पुन्हा ओलसरच मिळतात. पोहून आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने अंग आणि कपडे दोन्ही धुवावेत. निदान दोन शॉर्ट्स बरोबर असाव्यात आणि एकदा घातलेली न धुता दुसऱ्या दिवशी घालू नये. धुतल्यावर ती कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पिळावी, उलटी करून पॅड वर येईल अशी पंख्याखाली किंवा उन्हात टाकावी. पावसाळ्यात, जेव्हा पडवीतले कपडे तीन-तीन दिवस कुबट वास सोडत नाहीत, तेव्हा तिसरी जोडी ठेवणे हाच उपाय उरतो. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालू नये. त्याची शिवणच काचते. घसरण राहावी म्हणून लावायचे क्रीम निरोगी कातडीवर निघण्याआधी लावावे. टाल्कम पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात, म्हणून तिचा उपयोग नाही.

सीटबद्दल थोडक्यात. गाठ एकाच बाजूला येत असेल, तर सीट वाकडी किंवा प्रमाणाबाहेर उंच असण्याचा संभव आहे. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा; कंबर डावी-उजवी डुलत असेल, तर सीट थोडी खाली घ्यावी. मऊ जेलचे कव्हर आरामाचे वाटले तरी लांबच्या प्रवासात बैठकीची हाडे त्यात रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो, म्हणून ते काढून टाकलेले बरे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभे राहावे.

पुढे जावे का, याचे उत्तर गाठीच्या अवस्थेवर अवलंबून आहे. ताप असेल, गाठीभोवतीची लाली पसरत असेल किंवा तिच्यापासून लाल रेघ निघालेली दिसत असेल, गाठ गुदद्वाराजवळ असेल, वेदना दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फारच तीव्र असेल किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर सायकल तिथेच ठेवून आजच ग्रामीण रुग्णालय गाठा. यांपैकी काहीच नसेल, तर दोन दिवस गुहागरला थांबून शेक घ्या. गाठ वाटाण्याहून लहान झाली आणि बसल्यावर दुखेनाशी झाली, तर हळूहळू तवसाळला जाऊन फेरीबोटीने जयगडला उतरा, गणपतीपुळ्यास मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला या. शहरात त्वचारोगतज्ज्ञ मिळतील; चट्टे त्यांना दाखवल्याशिवाय मालवणकडे निघू नका. बसताना अजूनही दुखत असेल, तर हाच टप्पा वाहनाने करा.