आईच्या हलव्याच्या दागिन्यांबद्दल: थोडं लांबलंय, पण वाचा

तुम्ही लिहिलंय की आई 74 वर्षांच्या आहेत, दिवाळीपासून बोटं आखडतात, हात थरथरतो, आणि भाच्याच्या पहिल्या बोरन्हाणासाठी त्यांनीच दागिने करावेत असं तुम्हाला वाटतं. पण त्या सारख्या "मला आता जमत नाही" म्हणून उठून जातात. हे वाचून राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात अगदी हेच चाललं होतं.

हलवा कुठला आणायचा, कोणते दागिने करायचे हे तुम्हाला माहीत असणारच. फक्त एक सांगते, हलवा घरी करायचा घाट आता घालू नका. शेगडीपुढे तास न् तास बसून पाक सोडत काटा आणणं या वयाचं काम नाही. सरळ विकतचा आणा.

माझ्या हातून जे झालं ते सांगते. माझी आई दोऱ्यात एकेक दाणा गाठवायची. सुई लावली की दाणा फुटतो, म्हणून नुसत्या गाठी. तिच्या हातचे हार नात्यात कुठे कुठे गेलेत. त्या वर्षी पणतूचं बोरन्हाण होतं. तिचं 79 वं वर्ष, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तीन दिवस बसून तिने एक हार केला. कुठे दोन दाणे चिकटलेले, कुठे बोटभर मोकळा दोरा. दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस बायका येणार होत्या. ती झोपल्यावर मी तो हार सोडवला आणि रात्री एकपर्यंत बसून नव्याने गाठवला. माझा हेतू चांगलाच होता. तिला नावं ठेवली जाऊ नयेत एवढंच मनात होतं.

सकाळी तिने हार उचलला, बोटांनी चाचपत शेवटापर्यंत गेली आणि म्हणाली, "ही माझी गाठ नाही." बस, एवढंच. रागावली नाही, रडली नाही. कार्यक्रमात सगळ्या "आजींनी काय सुंदर हार केलाय" म्हणत होत्या आणि ती प्रत्येकीला सांगत होती, "हिने केलाय." संध्याकाळी दोऱ्याची रिळं डब्यात घालून तिने डबा कपाटात ठेवला. तो पुढे वर्षभराहून जास्त उघडला नाही. मी किती वेळा माफी मागितली. ती म्हणायची, "अगं, बरंच केलंस." ते ऐकणं मला सर्वांत जड गेलं.

म्हणून कळकळीने सांगते, त्यांनी केलेलं रात्री गुपचूप नीट करू नका. वाकडं असेल तर वाकडंच बाळाच्या गळ्यात घाला. तुम्हाला अगदी सुबक हवं असेल तर तयार सेट आणा, पण त्यांच्या कामावर हात फिरवू नका. हे माझं मत आहे, काहींना पटणार नाही.

आता पद्धत. गाठवणं सोडून द्या, चिकटवा. पुठ्ठ्याला काळं कापड लावून मुकुट, बाजूबंद, बासरीचे आकार तुम्ही कापून द्या. काळ्यावर पांढरा दाणा कमजोर नजरेलाही दिसतो. फेविकॉलची जाड रेघ त्यांना ओढू द्या (पाणी घालून पातळ करू नका, हलवा पाझरतो). मग चिमटीने एकेक दाणा ठेवायचा नाही. मूठभर हलवा रेघेवर पसरायचा, तळव्याने हलकेच दाबायचा आणि वाळल्यावर पुठ्ठा परातीत झटकायचा. हात थरथरला तरी दाणा डिंकावरच बसतो. उठल्या उठल्या बसवू नका, सांधे तेव्हा जास्त आखडलेले असतात. अकराच्या सुमारास उन्हात, आधी कोमट पाण्यात हात बुडवून, वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि मी डॉक्टर नाही, पण थरथर नवी असेल तर आधी दाखवून घ्या. साखरेचा त्रास असेल तर येता-जाता तोंडात टाकायला फुटाण्यांची वाटी शेजारी ठेवा, नाहीतर हलवाच जातो.

आमच्या आईला आम्ही मध्यंतरी एका विरंगुळा केंद्रात नेलं होतं. तिथे बालवाडीसारखे कागदी बशीचे ससे करायला लावले आणि वर "शाब्बास आजी" म्हणून टाळ्या. ज्या बाईने लक्ष वाती वळल्यात तिला ससा! दोन दिवसांत तिने जाणं बंद केलं. काम खरं हवं, कोणाला तरी लागणारं हवं. त्याला दिवस ठरलेला हवा.

ती परत बसली तीही अशीच. महाशिवरात्रीच्या आधी शेजारच्या काकू कापूस घेऊन आल्या, "मला गेजवस्त्र (देवाला वाहायची कापसाची माळ) जमत नाही हो, करून द्याल का?" मी काही बोलले नाही, खोलीतही थांबले नाही. बाहेर आले तेव्हा ताटात कुंकवाची बोटं लावलेली वस्त्रं ओळीने वाळत होती. वात, वस्त्र ही कामं बोटांना पाठ असतात, डोळे लागत नाहीत. दुधाचं बोट लावलं की कापूस सुटत नाही. दमा असेल तर मात्र कापूस पिंजायचं काम तुम्ही करा. पुढे फाल्गुनात पळसाची फुलं मिळाली तर पाकळ्या सोडवायला द्या. गरम पाण्यात रात्रभर ठेवल्या की होळीला केशरी रंग तयार.

रथसप्तमीला अजून 16 दिवस आहेत, भरपूर झाले. आज फक्त मुकुटाचं माप घ्या. बाळाच्या डोक्याभोवती दोरा फिरवून आईंनाच मापू द्या, दोन बोटं सैल ठेवा आणि मागे पुठ्ठ्याऐवजी नाडी लावा. डिंक लागलेला हलवा खायचा नाही, आणि वर्षाच्या बाळाच्या घशात दाणा अडकू शकतो, तेव्हा फोटो झाले की दागिने लगेच उतरवा. नंतर कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा, मुंग्या फार लागतात. माझ्या आईचा बाजूबंद अजून आहे, तीन दाणे गळालेत. ते मी परत लावलेले नाहीत.