अडतिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून पुन्हा कॉलेज जमेल का?

दादा, तुम्ही विचारलंय की वय 38, बारावीनंतर शिक्षण सुटलं, जळगावला कंपनीत शिफ्टची नोकरी, आता डिग्री करायची म्हटलं तर डोक्यात शिरेल का आणि वर्गातली पोरं हसतील का. मी यावल तालुक्यातली, एका पतसंस्थेत क्लार्क आहे, 37 व्या वर्षी बीकॉमला ऍडमिशन घेतली आणि 40 व्या वर्षी पास झाले, म्हणून स्वतःचा अनुभव सांगते.

डोक्याची भीती मलाही होती पण डोकं चालतं हो, अडतो तो हात. बारावी 2003 ला झाली त्यानंतर मी सलग एक पान कधी लिहिलंच नव्हतं, व्हाउचरवर सही, दोन ओळींचा अर्ज, बाकी सगळं कॉम्प्युटरवर. पहिल्या वर्षीचा पहिला पेपर मे महिन्यात, आपल्याकडचा मे तुम्हाला माहीतच आहे, पंखा गरम हवा फेकत होता, घामाने पेन निसटत होता म्हणून रुमाल गुंडाळून धरला, आणि दीड तासाने अंगठ्याखालचा स्नायू असा आखडला की बोटं उघडेचनात. पुढच्या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं, मनात ओळ न् ओळ दिसत होती, आणि मी डाव्या हाताने उजवा हात चोळत बसलेली. तो प्रश्न अर्धा सुटला, 80 पैकी 33 पडले, पास झाले पण घरी येऊन रडले, कारण येत होतं ते लिहिता आलं नाही याचं दुःख फार वेगळं असतं. दुसऱ्या वर्षापासून 200 पानी वही आणली आणि रोज एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहायचंच असं ठरवलं, वाचन एखाद दिवस राहिलं तरी चालेल पण लिहिणं नाही. त्या वर्षी तोच हात तीन तास चालला. तुम्ही ऍडमिशनची वाट बघू नका, आजपासून रोज एक पान लिहायला लागा, पेपरातली बातमी उतरवली तरी चालेल.

आता कॉलेज कोणतं ते. रेग्युलरला 75 टक्के हजेरी लागते, शिफ्ट ड्युटीत ते होणार नाही, उगाच त्यात पडू नका. मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलं, 1989 पासूनचं आहे, बीए-बीकॉम मराठीतून होतं, अभ्यासकेंद्र जवळच्या कॉलेजात असतं आणि तास रविवारी. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या आयोगाने, 2022 ला स्पष्ट केलंय, त्यामुळे "बाहेरून केलेली डिग्री चालत नाही" म्हणणाऱ्यांना तेवढं सांगा. फक्त तुम्ही ज्या वर्षी ऍडमिशन घ्याल त्या वर्षी त्या कोर्सला मान्यता आहे का हे यूजीसीच्या साईटवर बघून घ्या. आणि एका वर्षात डिग्री हातात देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्याकडे पाणीसुद्धा पिऊ नका, आमच्या ओळखीतल्या एका पोराचे पैसेही गेले आणि तीन वर्षंही गेली.

पोरं हसायचं म्हणाल तर आमच्या रविवारच्या वर्गात महावितरणचा वायरमन होता, दोन अंगणवाडी सेविका, एक एसटी कंडक्टर जो ड्युटी बदलून यायचा, आणि चारपाच विशीतली पोरं. एक मुलगी माझ्या शेजारी बसायची, तिला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकीची यादी, जुळत नव्हती, मी तिची वही बघितली तर बँकेचं कर्ज तिने नावे बाजूला टाकलेलं. मी म्हटलं बेटा आपण घेतलेलं कर्ज म्हणजे आपलं देणं, ते जमेला जाणार. पुस्तकातली रोजकीर्द, खतावणी, तेरीज मी पतसंस्थेत रोज हाताळते, तिच्यासाठी मात्र ते नुसते शब्द होते. तुम्हीही कंपनीत इतकी वर्षं काढलीत, स्टोअर बघितलं असेल, पगारपत्रक बघितलं असेल, ते सगळं अभ्यासात कामाला येतं हे लक्षात ठेवा. जे बदललंय ते मात्र नव्याने शिकावं लागतं, मी बारावी झाले तेव्हा विक्रीकर होता आणि कंपनी कायदा 1956 चा, आता जीएसटी 2017 पासून आणि कायदा 2013 चा, त्यामुळे जुनी पुस्तकं कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

वेळ कुठून काढायचा हे तुम्ही विचारलं नाही पण खरं अवघड तेच आहे. आमची दोन एकर केळी आहे, शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते, मिस्टर बारा वाजता मोटर चालू करायला मळ्यात निघाले की मला जाग यायचीच, पूर्वी कूस बदलून झोपायचे, मग ठरवलं की त्या आठवड्यात हाच आपला अभ्यासाचा टाइम. बारा ते दीड, घर शांत, फोन नाही. लाईट दिवसाची असायची त्या आठवड्यात पहाटे साडेचार. शिफ्ट बदलते म्हणून अभ्यास होत नाही असं नाही, शिफ्टप्रमाणे दोन वेगळी टाइमटेबलं करा आणि ती घरात भिंतीवर लावा.

घरच्यांना लपवून करू नका. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "आता काय कलेक्टर व्हायचंय का तुले?" मला लागलं ते, पण मी भांडले नाही, कॅलेंडर घेतलं आणि कोणत्या रविवारी तास, कोणत्या तारखेला पेपर हे पेनाने गोल करून दाखवलं. मोघम "मला अभ्यास आहे" म्हटलं की कोणी मनावर घेत नाही, तारीख दिसली की घेतात. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून रविवारचा स्वयंपाक घेतला, आणि निकालाच्या दिवशी त्यांनीच आधी पेढे आणायला लावले. ऑफिसातही तसंच, आमच्याकडे मार्चएंडला मान वर करायला वेळ नसतो म्हणून मी गृहपाठ फेब्रुवारीतच देऊन टाकायचे आणि पेपरची रजा जानेवारीत लिहून द्यायचे.

एक कागदपत्राचं सांगते कारण माझे त्यात सहा आठवडे गेले. बारावीच्या मार्कशीटवर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि आता पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे गुणांकासारखे पॉइंट, ऑनलाइन खात्यात जमा व्हायला जो एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) काढावा लागतो तो आधारवरूनच निघतो, त्यामुळे नाव जुळेना. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढला तेव्हा मार्गी लागलं. तुम्हाला हा प्रश्न येणार नाही कदाचित, पण पुरुषांच्याही वडिलांच्या नावात, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक निघतो, जन्मतारखेत निघतो, तेव्हा आधार आणि मार्कशीट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा आणि फरक असेल तर आधार आधी दुरुस्त करा, ऍडमिशन सुरू झाल्यावर सेंटरवर रांगा असतात.

मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला घरात नेमका कुठे आहे ते आज संध्याकाळीच शोधा. मार्कशीट हरवली असेल तर तुमच्या जुन्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन विचारा, जळगाव-धुळे-नंदुरबारचं नाशिक विभागीय मंडळ आहे, दुय्यम प्रत तिथूनच येते आणि तिला वेळ लागतो. विषय निवडताना अडलं तर इथेच विचारा, कंपनीत नेमकं काय काम करता ते लिहा म्हणजे मला सांगता येईल.