क्रॉस-कंट्री स्कीइंगमधली सर्वांत मोठी महिला खेळाडू कोण?

माझं उत्तर ठाम आहे: नॉर्वेची मारित ब्योर्गेन.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिची 15 पदकं आहेत, त्यातली 8 सुवर्ण. इतकी पदकं या स्पर्धेत आजवर कुणालाच, पुरुषांनाही, मिळवता आलेली नाहीत. शिवाय जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली 18 सुवर्णपदकं आहेतच.

पण हे सगळं पटकन मिळालेलं नाही. 2002 आणि 2006 च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या हाती फक्त एकेक रौप्य लागलं. पहिलं सुवर्ण आलं 2010 मध्ये, व्हँकुव्हरला, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. आणि तिथे एकदम तीन! त्याच स्पर्धेत 30 किलोमीटरच्या शर्यतीत मात्र पोलंडच्या युस्तिना कोवाल्चिकने तिला अवघ्या 0.3 सेकंदांनी हरवलं. दीड तास बर्फावर झगडल्यावर तेवढ्याशा अंतराने सुवर्ण निसटणं किती जिव्हारी लागत असेल!

मला सर्वांत भावतो तो शेवटचा टप्पा. डिसेंबर 2015 मध्ये तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतर ती परतली आणि 2017 च्या जागतिक स्पर्धेत चार सुवर्णं जिंकली. 2018 मध्ये प्यॉंगचांगला, 37 व्या वर्षी, आणखी पाच पदकं. त्यातलं शेवटचं 30 किलोमीटरचं, अगदी समारोपाच्या दिवशी. दुसरी आलेली स्पर्धक तब्बल पावणेदोन मिनिटांहून जास्त मागे होती. ही मारितची शेवटची ऑलिंपिक शर्यत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.