वाचकांचे प्रश्न : सेवाभावी संस्था आणि समाजमाध्यमे

प्रश्न : आमची संस्था तालुक्याच्या गावी मुलींचे वसतिगृह चालवते. फेसबुकवर आमच्या पानाला तीन हजारांहून अधिक लोक जोडलेले आहेत. कार्यक्रमांचे फोटो आम्ही नियमित टाकतो आणि त्यांना लाइकही भरपूर मिळतात. पण पानावरून आलेल्या देणग्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. जाहिरातीवर पैसे खर्च करावेत का?
– एक विश्वस्त, जि. नाशिक

उत्तर : जाहिरातीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. पानावर आलेल्या माणसाला तिथे काय वाचायला मिळते, हे आधी तपासायला हवे. बहुतेक संस्थांच्या पानांवर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, धनादेश स्वीकारणारे पदाधिकारी आणि ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्येच दिसतात. ही छायाचित्रे ज्यांची असतात त्यांच्या आप्तेष्टांना ती आवडतात आणि लाइकही बहुधा त्यांच्याकडूनच येतात. अनोळखी वाचकाला मात्र वसतिगृहात किती मुली राहतात, त्या कुठल्या गावांहून येतात, एका मुलीचा वर्षाचा खर्च किती आणि मागच्या वर्षीच्या देणग्यांचे काय झाले, यांतले काहीच कळत नाही. आणि जे कळत नाही त्यासाठी खिशात हात घालायला कोणी तयार होत नाही.

समजा, तुमच्या स्वयंपाकघरात गॅसची एक टाकी पाच दिवस पुरते. ‘वसतिगृहास सढळ हाताने मदत करावी’ असे लिहिण्याऐवजी टाकीची किंमत, जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत किती टाक्या लागतील आणि त्यांपैकी किती टाक्यांची सोय झाली आहे, हे चार ओळींत लिहावे. दिवाळीनंतर त्याच विषयावर पुन्हा लिहून सोय कशी झाली, किती जणांनी वाटा उचलला, काही रक्कम उरली असल्यास ती कशावर खर्च केली, हे सांगावे. हा दुसरा मजकूर बहुतेक संस्था लिहीतच नाहीत, आणि माझ्या मते पुढच्या वर्षीची देणगी त्याच मजकुरावर ठरते.

प्रत्येक आवाहनावर तारीख आणि मुदत घालावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून मदतीची असंख्य आवाहने फिरली. अशा प्रसंगी तारीख नसलेला निरोप गरज भागल्यावरही पुढे पुढे जात राहतो, नको असलेल्या वस्तू येऊन पडतात आणि खऱ्या गरजेचा निरोप त्या गर्दीत हरवतो. गरज पूर्ण होताच मूळ मजकुरातच तसे ठळकपणे नोंदवावे.

आवाहनाचा सारा मजकूर चित्रात घालून टाकण्याची पद्धत सोडावी, अशीही माझी विनंती आहे. चित्रातील अक्षरांवरून खाते क्रमांक सहज उतरवून घेता येत नाही, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय वापरणाऱ्या अंध वाचकापर्यंत ती अक्षरे बहुधा पोहोचतच नाहीत. चित्र जरूर द्यावे. पण तोच मजकूर युनिकोड मराठीत (म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) खाली टंकलेला असावा.

शिवाय, फेसबुक तुमची प्रत्येक पोस्ट सगळ्या तीन हजार जणांना दाखवत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांची पावतीपुस्तके काढून जुन्या दात्यांची यादी करावी आणि त्यांची संमती घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी (एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) बनवावी. अशा एका यादीत २५६ जणांपर्यंत नावे घालता येतात, मात्र ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून पावती देतानाच क्रमांक जतन करण्याची विनंती करावी. गटापेक्षा ही यादी मला अधिक योग्य वाटते, कारण दात्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत आणि सणांच्या शुभेच्छांखाली संस्थेचा निरोप दबून जात नाही. एकदा देणगी दिलेल्या दात्याने दुसऱ्यांदा देण्याची शक्यता अनोळखी माणसापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला जाहिरातीचा रुपयाही लागत नाही.

प्रश्न : आमच्या बालगृहात अनेक दाते आपल्या मुलांचा वाढदिवस साजरा करण्यासाठी येतात, जेवण देतात आणि आमच्या मुलांसोबत फोटो काढून फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकतात. नकार दिला तर ते दुखावतात आणि पुन्हा येत नाहीत. संस्थेनेही असे फोटो टाकावेत, असा त्यांचा आग्रह असतो. काय करावे?
– एक अधीक्षिका, मराठवाडा

उत्तर : येथे संस्थेला निवडीची मुभाच नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. या कलमाच्या भंगासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही मनाई केवळ वर्तमानपत्रांना आहे, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. दात्याच्या फोनवरून गेलेले छायाचित्रही तिच्या कक्षेत येते.

पण कायद्याचा धाक नसता तरी माझे उत्तर हेच असते. आठवीतली एखादी मुलगी हातात जेवणाचे ताट घेऊन, शेजारी नव्या कपड्यांतला अनोळखी मुलगा आणि मागे ‘अनाथ मुलांसोबत वाढदिवस’ अशा फलकासह छायाचित्रात उभी राहते. उद्या ती महाविद्यालयात जाईल, नोकरी शोधेल, तिच्या लग्नाची बोलणी होतील आणि ते छायाचित्र तोवर कुठल्या तरी पानावर तसेच असेल. तिला त्या वेळी कोणी विचारले नव्हते. आणि विचारले असते तरी ज्यांच्या ताटातले आपण जेवतो त्यांना नाही म्हणण्याची ताकद त्या वयात कुठून येणार? चेहरा पुसट करून शाळेचा गणवेश किंवा गावाची पाटी तशीच दिसू देणे, हाही उपाय नव्हे.

दाते मनाने वाईट नसतात. आपण काही चांगले केले याची खूण त्यांना हवी असते आणि ती देण्याची जबाबदारी संस्थेने घ्यावी. प्रवेशद्वाराशी सूचना लावावी. त्याहून बरे म्हणजे तारीख ठरवतानाच फोनवर नियम सांगावा, म्हणजे ऐनवेळी कोणाचा हिरमोड होत नाही. मुलांनी काढलेले चित्र, भाजीच्या वाफ्याचे किंवा वाचनालयाच्या कपाटाचे छायाचित्र, अधीक्षिकेच्या सहीचे आभारपत्र, त्या दिवशीच्या जेवणाचा आणि खर्चाचा तपशील, असे बरेच काही देता येते. काही दाते तरीही तुटतील. ते तुटू द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या पोस्टमधील मुलांची छायाचित्रे मात्र आजच काढून टाकावीत आणि ज्या दात्यांनी ती टाकली आहेत त्यांनाही तशी लेखी विनंती करावी.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाचे आवाहन व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून अमेरिकेतील माझ्या भाचीने क्यूआर कोडवरून देणगी देण्याची तयारी दाखवली आहे. ती घ्यावी का? करसवलतीचा उल्लेख आवाहनात करावा का?
– एक सचिव, जि. सातारा

उत्तर : भाचीचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे, हे आधी विचारावे. ती भारतीय नागरिक असेल आणि आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने पैसे देत असेल, तर ती देणगी कायद्याच्या भाषेत विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून आलेली देणगी, ठरत नाही. पारपत्राची प्रत नोंदीसाठी जरूर ठेवावी. तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. मग केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील स्वतंत्र खाते असल्याशिवाय रुपयाही घेता येणार नाही. भाचीने पैसे तुमच्या वैयक्तिक खात्यात पाठवावेत आणि तुम्ही ते संस्थेला द्यावेत, ही पळवाट सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नये.

करसवलतीबाबत, संस्थेला देणगीवरील करसवलतीची (८०जी) मान्यता असेल तरच तसे लिहावे आणि त्यासोबत दोन गोष्टी सांगाव्यात. नव्या करप्रणालीची निवड केलेल्या दात्याला ही सवलत मिळत नाही, आणि रोख देणगी २,००० रुपयांहून अधिक असल्यास जुन्या प्रणालीतही ती मिळत नाही. क्यूआर कोड कार्यकर्त्याच्या नव्हे, संस्थेच्याच खात्याचा असावा. आणि तो स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव उमटते तेच आवाहनात लिहावे, म्हणजे कोणी तुमचा मजकूर उचलून त्यावर स्वतःचा कोड चिकटवला तर दात्याला तो फरक पैसे पाठवण्यापूर्वी दिसेल.