पहिल्या मिटिंगला जायच्या आधी

भावा, निवडून आलास, आता आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर पट्टण पंचायतीच्या (म्हणजे नगरपंचायतीच्या) मिटिंगचा अजेंडा आधी नीट वाचून घे, कन्नडात असतोय, नाही कळलं तर कुणाला तरी विचार पण नुसती सही ठोकू नको. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के असले की महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतबी द्याव्यात असं धोरणच आहे, म्हणून मराठी प्रत माग, फक्त लेखी अर्ज दे आणि पोच घे, तोंडी मागितलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही. गटारीचं काम मे संपायच्या आत उरकून घे, इथला पाऊस माहिताय तुला, एकदा लागला की कंत्राटदार फिरकत नाही आणि लोकांच्या दारात पाणी. आणि हो, घरफाळा एप्रिलमधेच भरला तर 5 टक्के सूट मिळतीय, वॉर्डात घरोघरी सांग, लई जणांना ठाऊकच नसतंय.