संगणक वेबवरची पानं वाचून स्वतःहून ज्ञान मिळवू शकतो का?

हो, बऱ्याच अंशी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये 'नेल' नावाचा प्रोग्रॅम सुरू केला. तो रात्रंदिवस वेब वाचत बसायचा. प्रत्येक वर्गाची, म्हणजे शहर, माणूस अशा प्रकाराची, मोजकीच उदाहरणं हाताने दिलेली. शहरांच्या नावांआधी 'मेयर ऑफ' (म्हणजे '...चे महापौर') वारंवार दिसलं, की त्यापुढे येणारं नवं नावही शहराचंच, असं तो धरायचा.

गंमत म्हणजे 'इंटरनेट कुकीज' (वेबसाइट आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी) त्याने बेकरीच्या पदार्थांत टाकल्या. कुकीज डिलीट करतात, फाइलीही डिलीट करतात, म्हणून फाइलीसुद्धा तिथेच! शेवटी माणसांनाच ते निस्तरावं लागलं. म्हणून मला त्यातली सगळ्यात मोलाची युक्ती वाटते ती अनेक वर्ग एकत्र शिकवण्याची: जे शहर आहे ते माणूस नव्हे, एवढं आधी सांगून ठेवलं तरी कितीतरी चुका दारातच अडतात.