आकड्यांचे कीबोर्ड: वाचकांचे प्रश्न

प्र. जुन्या डेटा एन्ट्रीच्या छापील याद्या मूळ फॉर्मशी ताडून पाहतो आहे. काही पानांवर ३१७ च्या जागी ९७१, २८ च्या जागी ८२ असं दिसतं. हे कशाने होतं?

उ. आधी ४, ५, ६ आणि ० तपासा. ते जागच्या जागी असतील आणि १-७, २-८, ३-९ अशी अदलाबदल असेल, तर ऑपरेटरची बोटं दुसऱ्या मांडणीला सरावलेली होती. आयबीएमच्या ०२९ पंच मशिनवर (कार्डांवर भोकं पाडून नोंदी करण्याचं यंत्र) आकडे अक्षरांच्याच बटणांवर बसवलेले: यू, आय, ओ वर १, २, ३, जे, के, एल वर ४, ५, ६, त्याखाली एम, स्वल्पविराम आणि टिंबावर ७, ८, ९. म्हणजे १-२-३ वरच्या ओळीत. व्हीटी१०० (१९७८) सारख्या टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डच्या, उजवीकडच्या कीपॅडवर कॅल्क्युलेटरसारखे ७-८-९ वरच्या ओळीत. मधली ओळ दोन्हीकडे सारखी, म्हणून ती वाचते.

१-२-३ वर असलेली पंच मशिनची मांडणी टेलिफोनवरून आली असं सर्रास सांगितलं जातं, ते कालक्रमात बसत नाही. ०२९ च्या आधीचं, याच मांडणीचं ०२६ पंच मशीन १९४९ चं, बटणांचा फोन १९६३ चा.

मात्र २८ चा ८२ एकटाच दिसला तर घाई नको. शेजारचे अंक उलटे दाबले तरी हेच होतं. निदान ३१७ सारख्या नोंदींवरूनच करा. खातेक्रमांकाच्या शेवटी लून पद्धतीचा तपासअंक असेल तर काम सोपं. या पद्धतीत उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करतात, ९ च्या वर गेला तर त्यातून ९ वजा करतात, आणि सगळ्यांच्या बेरजेला १० ने भाग जावा असा शेवटचा अंक जोडतात: ४५८७१ चा तपासअंक १, म्हणून पूर्ण क्रमांक ४५८७११. त्यातले ८७ उलटून ४५७८११ झालं की बेरीज २९ येते, १० ने भाग जात नाही, चूक पकडली जाते. एक अंक चुकला तर ही पद्धत हमखास पकडते. शेजारचे अंक उलटले तर ०९ आणि ९० ही एक जोडी निसटते. मांडणीच्या घोटाळ्यात मात्र एकाच क्रमांकात दोन-तीन अंक बदलतात, त्यामुळे काही चुकीचे क्रमांकही बरोबर ठरून जातात.

प्र. जुना व्हीटी१०० लिनक्सला जोडला. कीपॅडवर १ दाबलं की पडद्यावर ‘ओक्यू’ उमटतं. बटण खराब आहे का?

उ. बटण ठीक आहे. कीपॅड ‘ॲप्लिकेशन मोड’मध्ये अडकला आहे. या मोडमध्ये १ साठी एस्केप, मोठा ओ आणि लहान क्यू अशी तीन अक्षरं जातात. ० ला पी, २ ला आर, असं ९ च्या वाय पर्यंत. साध्या मोडमध्ये कीपॅडचा ५ आणि वरच्या रांगेतला ५ एकच कोड पाठवतात, प्रोग्रामला फरक कळत नाही. म्हणून कीपॅडवर आज्ञा बसवणारे एडिटर सुरू होताना हा मोड लावतात. बंद होण्याआधीच लाइन तुटली किंवा प्रोग्राम कोसळला, तर तो काढायचं राहून जातं.

उपाय: टर्मिनलचा प्रकार व्हीटी१०० नोंदवलेला आहे ना ते बघा आणि ‘टीपुट आरएमकेएक्स’ ही आज्ञा चालवा. त्यातून एस्केप व त्यामागे > हे चिन्ह जातं, की कीपॅड पुन्हा आकड्यांवर. लॉगिनच होत नसेल तर सेट-अप दाबून मुख्य रांगेतला ० दाबा. टर्मिनल रिसेट होतं, पण जतन न केलेली सेटिंगं जातात.

प्र. आयबीएम ३२७० टर्मिनलवर रकमेच्या रकान्यात स्वल्पविराम दिला की कीबोर्ड अडतो.

उ. न्यूमरिक लॉक बसवलेलं आहे. अशा रकान्यात ० ते ९, दशांश टिंब, उणे आणि डुप (आधीची नोंद पुन्हा घ्या असं सांगणारं बटण) एवढंच चालतं. रिसेट दाबा, १२५००० सलग लिहा. ही सोय नसलेल्या संचात रकान्यावर ‘संख्या’ अशी खूण असली तरी डेटा एन्ट्री कीबोर्ड फक्त आकड्यांच्या शिफ्टवर जातो. अल्फा (अक्षरांची) शिफ्ट धरून अक्षर घालता येतंच, आणि टाइपरायटर पद्धतीच्या कीबोर्डवर तेवढीही अडचण नाही. तेव्हा प्रोग्राममधली तपासणी काढू नका.